मागचं सरकार मागच्या बाजूला

एका लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्यानं मला विचारलं, मंत्र्याचं नाव दगडात कोरताना सगळ्यात अवघड काय असतं? मी म्हणालो, मंत्री. नावाचं काहीच अवघड नाही. दगड गप्प पडून असतो, छिन्नी सांगाल तशी चालते. पण ज्याचं नाव कोरून राह्यलो तो माणूस पडदा ओढायच्या दिवशी मंत्री असेल का, हे दगडालाही माहीत नसतं आणि मलाही. पाहुणा हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी माझ्या आयुष्यातली दुखरी गोष्ट सांगत होतो.

आमचे आजोबा राजस्थानातून जालन्यात आले ते इथल्या व्यापाऱ्यांच्या मंदिरासाठी संगमरवर घडवायला. मंदिर झालं, आजोबा राहिले. वडिलांनी देवळातल्या देणगीदारांची नावं कोरली, पायऱ्या घडवल्या, समाध्यांचे दगड केले. माझ्या वाट्याला आलं सरकार. त्याला कारण जालना जिल्हा. एक्क्याऐंशी साली जिल्हा नवा झाला आणि नव्या संसारात जशी भांडी लागतात तशा जिल्ह्याला इमारती लागायला लागल्या. इमारत म्हटलं की कोनशिला आली. जुन्या जालन्यात माझं दुकान होतं, पत्र्याचं, पुढं कडुलिंब. त्या लिंबाखाली इतके पालकमंत्री आडवे पडून गेलेत की मोजदाद नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोनशिला म्हणजे इमारतीला लावायचा नावाचा दगड. एक भूमिपूजनाचा, एक उद्घाटनाचा. सगळ्यात वर ‘महाराष्ट्र शासन’. त्याखाली खातं. मग कामाचं नाव. मग ‘यांच्या शुभहस्ते’, मग अध्यक्ष, मग प्रमुख उपस्थिती. आधी गेरूनं अक्षरं आखायची, मग छिन्नीनं खोदायची, मग काळा रंग भरायचा आणि वरून घासून घ्यायचं, म्हणजे रंग खोदलेल्या जागेतच राहतो. काम एवढंच. भांडणं मात्र पुष्कळ.

एकदा एका रस्त्याच्या दगडावर दोन पुढाऱ्यांची नावं होती. पहिला सुतळी घेऊन आला, दुसऱ्याच्या नावाला लावून मोजली आणि म्हणाला, “त्याचं लांब हाये.” मी म्हणालो, “त्यांच्या बापानं नावच लांब ठेवलं, मी काय करू?” तर म्हणे माझ्या नावाआधी ‘आदरणीय’ लाव. लावलं. दुसऱ्याला कुणीतरी सांगितलं. तो आला, त्याला ‘परम आदरणीय’ पाहिजे. मंग पहिल्याला ‘विकासप्रेमी’ आठवलं. होता होता नावांनी सगळा दगड खाल्ला आणि खालच्या कोपऱ्यात ‘रस्ता डांबरीकरण’ एवढं बारीक बसवावं लागलं की कशाचं उद्घाटन आहे हे वाचायला उकिडवं बसावं लागायचं.

आमच्या एमआयडीसीतले शेठ लोक हुशार. एका लोखंडाच्या मिलवाल्यानं पाहुण्याचं नाव पितळी पट्टीवर घेतलं आणि पट्टी स्क्रूनं बसवली. पाहुणा बदलला की पट्टी बदलायची. मी ही युक्ती पाठकसाहेबांना सांगितली. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, “बन्सीलाल, शासनाला स्क्रू चालत नाही.”

आता हे पाठकसाहेब कोण, ते सांगतो. बांधकाम खात्यातले इंजिनिअर. बारीक अंगाचे, कायम पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बदली होऊन कुठं कुठं जायचे, पण फिरून फिरून मंठा तालुक्यालाच यायचे. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. वरून लेखी आल्याशिवाय ते शिंकत नाहीत, असं त्यांचाच शिपाई म्हणायचा. मंठ्याकडच्या सगळ्या दगडांचं काम ते माझ्याकडं आणायचे, आणि त्यातलाच एक दगड सावरगव्हाणचा.

सावरगव्हाणला जनावरांचा दवाखाना मंजूर झाल्ता. त्याच्यामागं तिथले सरपंच होते, तात्या. धिप्पाड माणूस, आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या शिवारात ऐकू जावं. त्या गावात बैल आजारी पडला तर थेट मंठ्याला न्यावा लागायचा, आणि वाटेत ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की बैल अलीकडं, डॉक्टर पलीकडं. तात्यांची एक चांगली बैलजोडी अशीच ओढ्याकाठी वाट पाहत गेली. ती गोष्ट ते सांगायचे तेव्हा तेवढा त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यानंतर त्यांनी ठरवलं, गावात दवाखाना आणायचाच.

भूमिपूजनाला नानासाहेब येणार होते. नानासाहेब तेव्हा राज्यमंत्री. मी छान दगड केला. दोन्ही बाजूंनी सफाईदार कापलेला, शुभ्र. ‘मा. नानासाहेब, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते’ ही ओळ तर अशी उतरली होती की मी बायकोला बोलावून दाखवली. कार्यक्रम उद्यावर आला आणि पाठकसाहेब धापा टाकत दुकानात आले.

“बन्सीलाल, सरकार गेलं!”

मी म्हणालो, “कुठं?”

“अरे गेलं म्हणजे पडलं! रेडिओवर सांगितलं. नानासाहेब आता कुणीच नाहीत. नवीन खातेवाटप झालं की त्यांच्या जागी आप्पासाहेब मंत्री म्हणून येतील.”

“मंग दुसरा दगड करू.”

“दगड एकदाच मंजूर होतो.”

मी घासाईचा दगड उचलला. म्हटलं, सगळं घासून सपाट करतो आणि नव्यानं कोरतो. तर ते आडवे आले. “वरची ओळ घासायची नाही! महाराष्ट्र शासन घासायचं नाही!”

“आताच तर म्हणले सरकार पडलं.”

“सरकार पडलं. शासन पडलेलं नाही.”

मी शाळा थोडीच शिकलेला. दोन्ही एकच समजत होतो. त्यांनी मला लिंबाखाली बसवून समजावलं. “हे बघ, शासन म्हणजे जे कायम आहे ते. तहसील, कोर्ट, पोलीस, रस्ते, मी. आणि सरकार म्हणजे निवडून येऊन ते चालवतात ते लोक. ते येतात, जातात. आता सरकार पडलं, तर मी पडलो का?”

“न्हाई.”

“तुझ्या दुकानापुढचा रस्ता पडला का?”

“त्यो आधीच पडेल हाये.”

पाठकसाहेब उठून उभे राहिले. शिकवणी तिथंच संपली. मी म्हणालो, साहेब, घासाघाशी कशाला? दगड दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. उलटा करतो, मागच्या अंगाला आप्पासाहेबांचं कोरतो. भिंतीत बसवल्यावर मागचं कोण बघतो? त्यांना ते पटलं. ‘महाराष्ट्र शासन’ तेवढं मला दोनदा कोरावं लागलं, एकदा ह्या बाजूला, एकदा त्या.

आमच्या दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. भूमिपूजनाच्या वेळी भिंत नसते.

सावरगव्हाणला रस्त्याकडेला मोकळ्या माळावर एक ओटा बांधला होता आणि त्या ओट्यावर दगड उभा केला. मी सोबत गेलो होतो, कारण ऐन वेळी कुणाचं तरी नाव घालावं लागतं. मंडप, हारतुरे, वाजंत्री. तात्यांनी दवाखान्याचा पहिला पेशंट म्हणून एक गोऱ्हा आणून बांधला होता, सरदार नावाचा. दवाखाना अजून जमिनीतसुद्धा नव्हता, पण तात्या म्हणाले, साहेबाला निकड दिसली पाहिजे.

आप्पासाहेब शहागडवरून कार्यक्रम करत करत आले, म्हणजे उशिराच आले. कुदळ मारली, नारळ फोडला, पडदा ओढला, टाळ्या पडल्या. सगळं बराबर झालं. मंग आप्पासाहेबांना पान थुंकायचं होतं. सभ्य माणूस. लोकांसमोर कसं थुंकणार म्हणून ते दगडाच्या मागं गेले.

गेले ते बाहेरच येईनात. पाठकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मागून आवाज आला, “हे काय आहे?”

आम्ही पळत गेलो. आप्पासाहेब तोंडात पान तसंच धरून उभे, आणि समोर माझ्या हातची ती देखणी ओळ: मा. नानासाहेब, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते. पाठकसाहेब खिशातलं एक पेन काढून पुन्हा खिशात ठेवत होते, काढत होते, ठेवत होते. मला वाटलं आता ह्यांची बदली थेट समुद्रातच.

तेवढ्यात तात्या आले. दगड बघितला आणि त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “साहेब, बराबर हाये की. मागचं सरकार मागच्या बाजूला, पुढचं सरकार पुढच्या बाजूला. गावाला समदं ध्यानात राहतं.”

मंडपातले लोक हसले. आप्पासाहेबांना हसावं का चिडावं कळेना, आणि पान असल्यामुळं दोन्हीही करता येईना. शेवटी थुंकून म्हणाले, “मागच्या बाजूला प्लास्टर करा.” आणि गाडीत बसले. त्याच दिवशी गवंड्यानं माझ्या त्या ओळीवर सिमेंट थापलं. मला फार लागलं ते. कोरणाऱ्याला अक्षर म्हणजे अक्षर असतं, ते पडलेल्या सरकारचं असलं म्हणून काय झालं?

पुढं काय झालं? काहीच नाही. वर्षं गेली. माळावर ओटा, ओट्यावर दगड. इमारतीचा पत्ता न्हाई. पण लोक त्या जागेला दवाखाना म्हणायला लागले. ओट्यावर पत्त्यांचा डाव बसायचा, न्हावी तिथंच दाढ्या करायचा, म्हशी दगडाला पाठ घासायच्या. एसटीचा कंडक्टर ओरडायचा, “दवाखाना उतरा!” एकदा लांबच्या गावचा एक माणूस आजारी शेळी घेऊन खरंच उतरला. एसटी निघून गेली. त्यानं चारी बाजूंना बघितलं आणि न्हाव्याला विचारलं, “डॉक्टर, आधी शेळी बघता का ह्यांची दाढी होऊ देता?” तात्या मला हे सांगायचे तेव्हा हसायचे, पण त्या माणसाला शेळीसकट त्यांनी आपल्या बैलगाडीतून मंठ्याला पोचवून दिलं होतं, तेही सांगायचे.

मंग निवडणूक झाली, सगळं फिरलं आणि नानासाहेब परत आले. पक्ष दुसरा होता, माणूस तोच. आता ते पूर्ण मंत्री होते. त्यांना सावरगव्हाणची आठवण होती. आपलं भूमिपूजन हुकलं होतं, ते त्यांना करायचं होतं. एकदा झालेलं भूमिपूजन पुन्हा कसं, असं पाठकसाहेबांनी वर विचारलं, तर उत्तर आलं, जमीन तीच आहे, हरकत नाही.

मी टेम्पोनं सावरगव्हाणला गेलो आणि प्लास्टर हळूहळू काढलं. काय सांगू, आतली अक्षरं काल कोरल्यासारखी! ऊन नाही, वारा नाही, म्हशी नाहीत. पुढच्या बाजूचे आप्पासाहेब मात्र पार झिजले होते. मी खूश होऊन म्हणालो, साहेब, दगड नुसता फिरवायचा, काम झालं.

पाठकसाहेब म्हणाले, “झालं नाही. ते आता राज्यमंत्री नाहीत. मंत्री आहेत. राज्य काढ, मंत्री ठेव.”

तात्या शेजारीच उभे होते. “साहेब, राज्यच काढल्यावर मंत्री कशाचा ऱ्हाईल?”

“तात्या, तुम्ही मध्ये बोलू नका.”

“न्हाई, मी आपलं इचारून राह्यलो.”

मी ‘राज्य’ घासून काढलं. तिथं खळगा पडला. नाव, मग खळगा, मग मंत्री. दात पडल्यासारखं दिसायला लागलं. म्हटलं, इथं एखादं फूल कोरतो. पाठकसाहेब दचकले. “फूल नको! चिन्ह होईल.” मंग सूर्य? “तेही कुणाचं तरी असेल.” धनुष्य नको, पंजा नको, नांगर नको, सायकल नको. मी कंटाळून म्हणालो, “भोपळा कोरू का?” ते खरंच विचारात पडले. म्हणाले, “एखाद्या अपक्षाचा असू शकतो.” शेवटी संगमरवराची भुकटी आणि लाख कालवून तो खळगा बुजवला. पुढं तिथं पिवळा डाग पडला तो पडलाच.

नानासाहेबांचं भूमिपूजन झालं. सरदार आता चांगला दांडगा बैल झाला होता. आजारी दिसावा म्हणून तात्यांनी त्याच्या पुढच्या पायाला पांढरं फडकं गुंडाळलं होतं. नानासाहेबांनी मायेनं विचारलं, “काय झालं ह्याला?”

“मुका मार हाये साहेब. पाऊल उचलंना झालंय.”

तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली. सरदारनं दावं तोडलं आणि फडकं फडकावत मंडपातून असा सुटला की अध्यक्ष खुर्चीसकट आडवे झाले. मंडपाचा एक खांब घेऊन तो ओढ्यापर्यंत गेला. नानासाहेब तात्यांना म्हणाले, “बरा झाला वाटतं.”

ह्या खेपेला निदान भिंती आल्या. खिडकीपर्यंत आल्या आणि थांबल्या. दार रस्त्याकडं पाहिजे का गावाकडं, यावर वरून एकदा एक यायचं, एकदा दुसरं. पाठकसाहेब दर वेळी दाराची जागा सोडायचे आणि बुजवायचे. तात्या म्हातारे व्हायला लागले. मला भेटले की म्हणायचे, “बन्सीशेठ, माझ्या नावाचा दगड आधी कोरशील, का दवाखान्याचा?” ते हसत म्हणायचे, आणि मी त्यांना चहा सांगायचो.

मंग नव्वदीच्या शेवटी शेवटी पुन्हा निवडणूक लागली, आचारसंहिता लागली. म्हणजे निवडणूक होईपर्यंत मंत्र्यांनी काही जाहीर करायचं नाही, भूमिपूजन, उद्घाटन काही करायचं नाही. नावाचे दगडसुद्धा झाकून ठेवायचे. मला वाटलं, आता तर सगळंच थांबलं. पण पाठकसाहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच मोकळा बघितला.

“बन्सीलाल, नवीन काम चालू करता येत नाही. चालू असलेलं काम थांबवायची गरज नाही. आणि सावरगव्हाणचं काम तर दोनदा चालू झालंय!”

त्या दिवसांत त्यांचा फोन वाजंना. दार इकडं करा न्हाई, तिकडं करा न्हाई. त्यांनी दार रस्त्याकडं ठेवलं, स्लॅब टाकला, रंग दिला, कपाटं आणली. इतकी वर्षं अडलेलं काम त्या शांततेत उरकलं. एवढंच काय, वरून एक तरुण डॉक्टरही नेमून आला. फक्त एक अडचण होती. उद्घाटन करता येत नव्हतं. म्हणून पाठकसाहेबांनी दवाखान्याला कुलूप घातलं, चावी खिशात ठेवली, आणि डॉक्टर बाहेर ओट्यावर दगडाला टेकून बसायला लागला.

मी त्या दिवशी तिथं कशाला होतो? तर दगडावर बांधलेलं गोणपाट शेळ्यांनी खाल्लं होतं आणि नानासाहेब उघडे पडले होते. आचारसंहितेचा भंग होईल म्हणून पाठकसाहेब मला जल्दी घेऊन आले. मी नवीन गोणपाट बांधून राह्यलो होतो, तेवढ्यात तात्यांची हाक आली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

चार-पाच जण सरदारला ढकलत, ओढत आणत होते. आता तो म्हातारा बैल. पोट असं फुगलेलं, नगाऱ्यासारखं. तोंडातून लाळ, डोळे पांढरे. आदल्या दिवशी गावात एका उमेदवाराची पंगत झाल्ती, उरलेला भात आणि बुंदी उकिरड्यावर टाकल्ती, आणि सरदारनं ती मनसोक्त खाल्ली होती. ओट्यापाशी येऊन तो खाली बसला आणि उठेना.

डॉक्टरनं कुशीवर हात ठेवला, वाजवून बघितलं. “पोटात वारा कोंडलाय. बिलकुल वेळ नाही. भोक पाडून वारा काढावा लागेल. हत्यार आत कपाटात आहे.”

सगळ्यांनी कुलपाकडं बघितलं. मंग पाठकसाहेबांकडं.

पाठकसाहेब पांढरे पडले. “उद्घाटन झालेलं नाही,” ते म्हणाले. “मला तसा अधिकार नाही.”

तात्या त्यांच्यापुढं आले. मला वाटलं ओरडतील. पण ओढ्याकाठच्या जोडीची गोष्ट सांगताना यायचा तसा बारीक आवाज आला. “साहेब, तुम्ही म्हणता सरकार येतं, जातं, शासन हितंच असतं. मंग आता हितं कोन हाये?”

सरदारला धाप लागली होती. पाठकसाहेबांनी खिशात हात घातला. आधी पेन निघालं, मग दुसरं पेन निघालं, मग चावी. कुलपाचं भोक काही त्यांना सापडेना. शेवटी मी हात धरून चावी आत घातली. छिन्नी धरायची सवय, हात स्थिर होता.

डॉक्टरनं आतून एक जाड पोकळ सुईसारखं हत्यार आणलं, डाव्या कुशीत जागा बघितली आणि एका दणक्यात आत घातलं. आणि मंग जो आवाज झाला! मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, पण इतकं लांब काही ऐकलेलं नाही. शिट्टी म्हणावी तर शिट्टी, तुतारी म्हणावी तर तुतारी. वास असा की जमलेला गाव दोन पावलं मागं सरला. पोट हळूहळू खाली बसत गेलं. थोड्या वेळानं सरदारनं मान उचलली, इकडं तिकडं बघितलं आणि जवळच्या माणसाचा टॉवेल चघळायला घेतला.

तात्या जमिनीवर बसून रडत होते आणि हसतही होते. पाठकसाहेब भिंतीला टेकून उभे. त्यांनी कुलूप परत लावलं नाही. चावी तात्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “ही माझ्याकडून हरवली आहे.”

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यापुढं रांग लागली.

निकाल लागला, नवं सरकार आलं आणि उद्घाटनाला ताईसाहेब येणार असं ठरलं. त्या पहिल्यांदाच मंत्री झाल्या होत्या. ह्या खेपेला नवीन दगड मंजूर झाला. मी मन लावून कोरला, दाराशेजारी भिंतीत बसवला, वर मखमली पडदा लावला. पाठकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, कार्यक्रम होईपर्यंत एकही जनावर दिसता कामा नये. तात्यांनी सगळी रांग इमारतीच्या मागं नेली. दाराला लाल फीत बांधली.

ताईसाहेब आल्या. हार झाले. तबकातली कात्री त्यांनी उचलली आणि फितीकडं वळल्या, तर फीत न्हाई. एक शेळी मागच्या रांगेतून सुटून पुढं आल्ती आणि फितीचं शेवटचं टोक तिच्या तोंडातून आत चाललं होतं.

ताईसाहेब कात्री धरून उभ्या राहिल्या. “ही शेळी कुणाची?”

“जनतेची,” तात्या म्हणाले.

ताईसाहेबांनी पाठकसाहेबांना विचारलं, “इंजिनिअरसाहेब, दवाखाना चालू आहे का?”

“नाही ताई! उद्घाटनाशिवाय कसा चालू होईल?”

तेवढ्यात आतून डॉक्टर धावत बाहेर आला. कोपरापर्यंत हात माखलेले. त्याचं पाहुण्यांकडं लक्षच नव्हतं. ओरडला, “तात्या, सुटली म्हैस! रेडी झाली, रेडी! पाय आडवे होते, पण आली!”

ताईसाहेबांनी डॉक्टरकडं बघितलं, मग पाठकसाहेबांकडं. “मग हे काय आहे?”

पाठकसाहेबांनी खिशातली पेनं सारखी केली. “ही… पूर्वतयारी.”

ताईसाहेबांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं वासामुळं. पण त्यांचे खांदे हलत होते. मंग त्यांना आवरेना. त्या मोठ्यांदा हसल्या, कात्री तबकात टाकली आणि म्हणाल्या, “चला, रेडी तर बघू.” आणि थेट आत गेल्या. त्यांच्यामागं फोटोवाला, पोलीस, पुढारी, सगळा गाव आत. भाषणं राहिली, आभार राहिले. रेडीला धड उभं राहता येईना, ताईसाहेबांनी तिला हात दिला, तिनं त्यांच्या पदराला तोंड लावलं. निघताना त्यांनी तात्यांना नमस्कार केला.

परतीला टेम्पोत पाठकसाहेब माझ्याशेजारी बसले होते. मंठ्याच्या हॉटेलात चहा समोर आला आणि ते एकदम हसायला लागले. “पूर्वतयारी!” एवढंच म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला तरी थांबेनात. हॉटेलवाला मला हळूच म्हणाला, “ह्यांना घरी पोचवा.”

आता मशीनवर अक्षरं कापून मिळतात, गुळगुळीत ग्रॅनाइटवर, सगळी एकसारखी. मी दुकान बंद केलं. लिंब तेवढा आहे. आपण कोरलेली किती नावं सिमेंटखाली असतील, असं कधी मनात येतं आणि थोडं वाईट वाटतं.

दुकान बंद करायच्या आधी मंठ्याकडं एका कामाला गेल्तो, तेव्हा येता येता सावरगव्हाणला उतरलो. दवाखान्यासमोर जनावरं, माणसं, शेण, सगळं भरपूर. आणि दाराशेजारी माझ्या दगडावर तो मखमली पडदा अजून तसाच. धुळीनं पार राखाडी झालेला. तात्या ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, “तात्या, हे उघडलंच न्हाई का?”

“त्या दिशी समदे आतच गेल्ते. ऱ्हाऊनच गेलं,” तात्या म्हणाले. “मंग काही गरज बी पडली न्हाई.”

मी जवळ गेलो आणि पडद्याचा कोपरा उचलला. ‘महाराष्ट्र शासन’चा काना, ताईसाहेबांच्या नावातली मात्रा, सगळं बराबर होतं. अक्षर चांगलं उतरलं होतं. आतून डॉक्टरनं आवाज दिला, “कोण आहे दारात? जनावर आणलंय का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

“मग बाजूला व्हा, मागं म्हैस येऊन राह्यली.”

मी पडदा सोडला आणि बाजूला झालो.